देवाच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा...

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मित्रांनो, 'येशू' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खरं सांगा! कॅलेंडरवरचा गोरापान चेहरा, खांद्यावर रुळणारे तपकिरी केस, हातात एखादं कोकरू. एखाद्या शाम्पूच्या जाहिरातीत सहज खपून जाईल असा. आमच्या विंगमधल्या एका मित्राने माझ्या टेबलावरचं असलंच एक चित्र बघून विचारलं होतं, "काहून रे, तुमचा देव इतका नाजूक कसा बावा? आमचा हनुमान बरा, बॉडी तरी हाये!" सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण हाच प्रश्न मी त्याआधी ख्रिस्ती लोकांच्याच तोंडून ऐकला होता, आणि ते मात्र तो हसत हसत विचारत नव्हते.

मी जळगाव जामोदचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बुलडाणा जिल्हा, सातपुड्याच्या पायथ्याचा तालुका. खान्देशातलं जळगाव वेगळं! (हे वाक्य मी पहिल्या वर्षी किमान शंभर वेळा बोललो असेन.) आमच्या घरात तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म आहे. वऱ्हाडात अलायन्स मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अकोला, खामगाव या बाजूला सुरू झालं. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा अनाथ झालेली पोरं मिशनने सांभाळली, त्यांतलीच एक माझ्या आजोबांची आजी. त्यामुळे आमच्या घरी येशू आला तो 'भुकेल्याला जेवू घालणारा' म्हणून. त्याचे दंड केवढे होते हा प्रश्न तिला पडला असेल असं वाटत नाही.

तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला एका युवक शिबिरात. बारावीची परीक्षा संपली होती. बाहेरून एक वक्ते आले होते. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "येशू शेळपट नव्हता! सुतार होता, सुतार! हात लोखंडासारखे होते त्याचे. आपण त्याला बायल्या करून ठेवलं, म्हणून चर्चमध्ये बायकाच जास्त दिसतात. रडूबाईंचा हा धर्म नाही!" टाळ्या झाल्या. दुपारी पुशअप्सची स्पर्धा झाली. (मी बावीसवर आउट.) पण रात्री झोपताना वाटत राहिलं, की बायबल तर आपल्या घरी रोज संध्याकाळी वाचतात. त्यातला माणूस आणि माईकवरचा माणूस एकच आहे का?

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हटल्यावर आधी 'हे आलं कुठून' बघावं लागतं. तर बघितलं. गोष्ट मजेशीर निघाली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये काही लोकांना वाटायला लागलं की धर्म फार मऊ झालाय. चार्ल्स किंग्जली आणि थॉमस ह्यूज हे त्यातले प्रमुख. ह्यूजने १८५७ मध्ये 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' ही शाळेच्या होस्टेलची कादंबरी लिहिली आणि १८७९ मध्ये ख्रिस्ताच्या मर्दपणावर आख्खं पुस्तकच. या विचाराला नाव पडलं 'मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी', म्हणजे आपल्या भाषेत पिळदार ख्रिस्ती धर्म. हा विचार उचलला वायएमसीएने. ही संस्था १८४४ मध्ये लंडनला जॉर्ज विल्यम्स नावाच्या, कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाने सुरू केली होती. तिच्याच अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधला. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, होलिओकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल शोधला. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. म्हणजे संध्याकाळी होस्टेलमागच्या मैदानावर आपण जो व्हॉलीबॉल बडवतो, त्याचं मूळ 'येशूची पोरं दणकट झाली पाहिजेत' या विचारात आहे! तेव्हा या विचाराला मी सरसकट नावं ठेवणार नाही. त्याने आपल्याला संध्याकाळ दिली.

पण पुढे गाडी घसरली. दणकट पोरं तयार करता करता लोकांनी देवच दणकट करायला घेतला. बिली संडे नावाचा बेसबॉलचा खेळाडू प्रवचनकार झाला आणि स्टेजवर उड्या मारत सांगू लागला की येशू लढवय्या होता. १९२५ मध्ये ब्रूस बार्टन या जाहिरातवाल्याने पुस्तक लिहून येशूला कंपनीचा धडाडीचा मॅनेजरच करून टाकलं. ते पुस्तक धडाधड खपलं. १९४० मध्ये वॉर्नर सॉलमन या चित्रकाराने येशूचा तो सुप्रसिद्ध चेहरा रंगवला, ज्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या आणि ज्याचे भाऊबंद आपल्याकडच्या कॅलेंडरांवर दिसतात. आता गंमत बघा. ख्रिस्त मर्दानी काढ, असं सॉलमनला त्याच्या शिक्षकाने बजावलं होतं, आणि तेव्हाच्या बऱ्याच लोकांना ते चित्र मर्दानी वाटलंही. पुढच्या पिढीने तेच चित्र बघून नाक मुरडलं : फारच बायकी! चित्र तेच, रंग तेच. बदलली ती बघणाऱ्यांची पट्टी. मापनाची पट्टीच दर वीस वर्षांनी बदलत असेल तर त्या रीडिंगला प्रॅक्टिकलमध्ये किती मार्क मिळतील, तुम्हीच सांगा.

अलीकडचं सांगायचं तर १९९० मध्ये बिल मॅकार्टनी या फुटबॉल कोचने 'प्रॉमिस कीपर्स' ही पुरुषांची चळवळ सुरू केली. स्टेडियमच्या स्टेडियम भरायची. त्यात चांगलंही होतं. बायकोला दिलेला शब्द पाळा, पोरांना वेळ द्या, असं सांगायचे आणि पुरुष तिथे एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचेही. पण नंतरच्या काहींनी फक्त आरडाओरडा उचलला. सिअ‍ॅटलच्या मार्स हिल चर्चचा पास्टर मार्क ड्रिस्कॉल तर म्हणाला होता, की ज्याला मी बदडू शकतो अशा माणसाची भक्ती मी करू शकत नाही. पोरं फिदा! २०१४ मध्ये त्याच्या दादागिरीच्या तक्रारींनंतर त्याला राजीनामा द्यावा लागला आणि ते भलंमोठं चर्चही बंद झालं. असल्या भाषणांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरत फिरत आपल्याकडेही येतात. शिबिरातल्या वक्त्यांचे काही डायलॉग मला नंतर तिथे जसेच्या तसे सापडले.

आणि मला हसावं की रडावं कळेना. 'ज्याला बदडू शकतो त्याची भक्ती नाही'? अरे बाबा, मग त्या क्रुसावर कोण आहे? शिपायांनी ज्याला फटके मारले, तोंडावर थुंकले, काट्यांचा मुकुट घालून चेष्टा केली, तो कोण? बदडलेल्या माणसाचीच तर ही भक्ती आहे! हे काढून टाकलं तर ख्रिस्ती धर्मात उरतं काय?

आता त्या सुताराकडे वळू. शुभवर्तमान मूळ ग्रीक भाषेत आहे आणि तिथे शब्द आहे 'टेक्टॉन'. त्याचा अर्थ लाकूड, दगड यांवर काम करणारा, घरं बांधणारा कारागीर. म्हणजे जवळजवळ आपल्याच लाईनचा माणूस. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी लाकडाचा जॉब केलाय. आठवा जरा! जोर लावून रंधा मारणाऱ्याचा जॉब कधी काटकोनात आला होता का? आपल्या वर्कशॉपचे मामा रंधा असा फिरवायचे की जणू गाईच्या पाठीवरून हात फिरवताहेत. आणि लाकूड आरशासारखं! सुताराच्या हातात ताकद असतेच, पण त्याहून जास्त असतो अंदाज, सबुरी आणि लाकडाच्या रेषेचा मान. येशू सुतार होता याचा अर्थ तो पैलवान होता असा काढणारे कधी सुताराकडे बसलेले नसावेत.

बरं, येशूला राग येत नव्हता असंही नाही. मंदिराच्या आवारात धंदा मांडणाऱ्यांची मेजं त्याने उलटी केली. शिबिरात हा प्रसंग तीनदा सांगितला गेला. पण तोच माणूस विहिरीवर दमून बसतो आणि एका परक्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. नावेत वादळ चालू असताना उशीवर डोकं ठेवून झोपतो. शिष्य हाकलत असताना लहान पोरांना जवळ घेतो. मित्रांचे धुळीने भरलेले पाय स्वतः धुतो, जे तेव्हा घरातल्या गड्याचं काम. आणि मित्र लाजर वारला तेव्हा, सगळं गाव बघत असताना, त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. मराठी बायबलमध्ये हे सांगणारं वाक्य फक्त दोन शब्दांचं आहे. रविवारच्या शाळेत 'एक वचन पाठ म्हणून दाखव' म्हटलं की आम्ही सगळी आळशी पोरं तेच म्हणायचो. दोन शब्दांत सुटका! ते वाक्य किती मोठं आहे हे कळायला वय जावं लागलं.

धर्मशास्त्रात याला नाव आहे. इसवी सन ४५१ मध्ये खल्केदोन इथे धर्मसभा भरली आणि तिने ठरवलं की येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही. अर्धा-अर्धा नाही! त्याआधी काही लोक म्हणत की तो नुसता माणसासारखा 'दिसायचा', त्याला खरं दुखत-खुपत नव्हतं. चर्चने ही शिकवण चुकीची ठरवली. मला वाटतं, न रडणारा, न घाबरणारा सिक्स-पॅक येशू ही त्याच जुन्या चुकीची नवी आवृत्ती आहे. आणि कॅलेंडरवरचा गुळगुळीत येशूही तीच चूक आहे. एकाला दुखत नाही, दुसऱ्याला घाम येत नाही. माणूस दोघांतही नाही.

आपल्या मराठी मातीला हे फार आधी कळलं होतं. पंडिता रमाबाईंचंच बघा. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर पाहिलं आणि विचारलं, की यांची कोणी एवढी काळजी का करतं? तेव्हा त्यांना त्याच विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. एक पुरुष एका बदनाम बाईशी सन्मानाने बोलतो, तिचं ऐकून घेतो, ही गोष्ट रमाबाईंच्या मनात घर करून राहिली. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि शेकडो बायकांना छप्पर मिळालं. येशूचा मर्दपणा बघायचा तर रमाबाईंनी बघितला तिथे बघावा, असं मला वाटतं.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ चा जन्म. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त हे टिळक भेटतात ते कसे? तापट, भोळे, हातात पैसा न टिकणारे. म्हणजे अगदी खरेखुरे पुरुष. आणि हे टिळक अभंग लिहायला बसले की ख्रिस्ताला काय म्हणतात? आई! आमच्या 'उपासना संगीत'मध्ये त्यांची कितीतरी गीतं आहेत. पेटी-तबल्यावर ती गाताना आमच्या मंडळीतले दाढी-मिशावाले काका देवाला आई म्हणून हाक मारतात आणि कोणालाही त्यात वावगं वाटत नाही.

वाटेल कसं? ही तर वारकऱ्यांची देण आहे. पंढरपूरचा विठोबा कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष, पण त्याची झाली विठाई. ज्ञानेश्वर एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेला तरुण, म्हणजे आपल्याच वयाचा! पण आख्खा महाराष्ट्र त्यांना माउली म्हणतो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा बघा, नांगर धरून हाताला घट्टे पडलेले बाप्ये एकमेकांच्या पाया पडतात आणि एकमेकांना 'माउली' म्हणतात. त्यांच्या पुरुषपणाला काही धक्का बसत नाही. इकडे आपण? २०१५ मध्ये करण आचार्य नावाच्या कलाकाराने भुवया ताणलेल्या हनुमानाचं चित्र काढलं, ते आपल्या पार्किंगमधल्या निम्म्या बाईकवर आहे. चित्र झकास आहे, वादच नाही. पण रामाला बघून ज्याच्या डोळ्यांतून धारा लागतात तो हनुमान कोणाच्या बाईकवर का नाही? म्हणजे प्रश्न एकट्या चर्चचा नाही राव. सगळेच आपापल्या देवांना जिममध्ये पाठवायला निघालेत.

तुम्ही म्हणाल, असू दे की! देव रडो नाहीतर न रडो, तुला काय त्याचं एवढं?

सांगतो. माझा जिल्हा बुलडाणा. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यांतला एक. मी लहान असताना आमच्या गल्लीतले एक काका असेच गेले. आदल्या संध्याकाळी पारावर बसून सगळ्यांना हसवत होते. मौतीला जमलेले लोक म्हणत होते, "वाघासारखा गडी व्हता. कदी डोयात पानी पायलं नाही त्याच्या." कौतुकाने म्हणत होते! मला ते वाक्य आजही आठवतं. कधी रडला नाही, हेच तर दुखणं होतं. नापिकी, कर्ज ही कारणं खरीच आहेत आणि ती सरकारने, समाजाने सोडवायची आहेत. रडल्याने कर्ज फिटत नाही. पण कर्जाबरोबर 'कोणाला सांगायचं नाही' हे जे दुसरं ओझं पुरुषाच्या डोक्यावर आपण ठेवतो, त्याचं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत शंभरातले सुमारे ७२ पुरुष होते. वाघासारखे गडी.

म्हणून मला गेथशेमाने बागेतला येशू महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी मरण आहे हे त्याला कळलंय. तो काय करतो? तीन जवळच्या मित्रांना बाजूला घेतो आणि सरळ सांगतो, की माझा जीव इतका व्याकूळ झालाय की मरणच वाटतंय, तुम्ही इथे थांबा, माझ्यासोबत जागे राहा. देव म्हणवला जाणारा माणूस मित्रांना 'मला एकटं सोडू नका' म्हणतो! मित्र मात्र झोपून जातात. त्यांतल्याच पेत्राने थोड्या वेळापूर्वी छाती ठोकून सांगितलं होतं, मेलो तरी साथ सोडणार नाही. पकडायला लोक येतात तेव्हा तलवार उपसणाराही पेत्रच. शिबिराच्या हिशोबाने मर्द नंबर एक! आणि पहाटेच्या आत एका मोलकरणीसमोर 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाराही तोच. जो घाबरलोय असं बोलला तो शेवटपर्यंत टिकला. क्रुसाजवळ शेवटी उभ्या होत्या त्या बहुतेक बायकाच.

जुलै २०२३ मध्ये आमच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत प्रचंड पाऊस झाला, नद्या-नाल्यांना पूर आले. आमचं शेत नाल्याकाठी. वरची काळी माती वाहून गेली आणि खाली दगडगोटे उरले. पेरलेलं तर सोडाच, पुढे पेरायला मातीच नाही! बाबा शेतातून आले, पाय धुतले आणि ओसरीवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला आणि मला म्हणाले, "मले भेव लागून रायलं. आज झोपू नका लौकर. बसा माह्यापाशी."

आम्ही बसलो. आईने दोनदा चहा केला. शेजारचे दोघं येऊन बसले. कोणी काही मोठं बोललं नाही. बाबा मध्येच रडले, मध्येच शेजाऱ्यांच्या म्हशीवरून हसले. पहाटे कधीतरी झोप लागली. माती काही परत आली नाही. पण बाबा सकाळी होते, आणि आजही आहेत. पुढे दोन वर्षं गाळ टाकून टाकून त्यांनी निम्मं शेत पुन्हा उभं केलं. मला जर कोणी विचारलं की खरा मर्द पाहिलास का, तर मी त्या रात्रीचे बाबा सांगेन.

आता आपल्या होस्टेलबद्दल. इथे बॅक लागला तर आपण पार्टी मागतो, ब्रेकअप झालं तर गाणं लावतो, घरचं वाईट कळलं तर गॅलरीत जाऊन फोनवर बोलतो आणि तोंड धुऊन आत येतो. कोणी रडताना सापडलाच तर 'काय पोरीसारखा रडतो बे!' ठरलेलं. मित्रांनो, हे वाक्य आपण बंद करू या का? एवढंच मागणं आहे. वॉचमन काकांना, मेसच्या मावशींना, रेक्टर सरांनाही सांगणं आहे : एखादा पोरगा दोन दिवस जेवायला दिसला नाही, तर एकदा त्याच्या रूमचं दार वाजवा. आणि ज्याला रात्र जड जातेय त्याने शेजारचं दार वाजवावं. उत्तरं नसली तरी चालतील, जागं राहायला चार जण तर मिळतील.

येशूची एक शेवटची गोष्ट सांगतो, कारण ती मेसवाल्यांसाठी आहे. पुनरुत्थानानंतर तो तळ्याच्या काठावर येतो. पळून गेलेले, झोपलेले, 'ओळखत नाही' म्हणालेले तेच मित्र रात्रभर मासे धरून रिकाम्या हाताने परतताहेत. तो त्यांना ना रागावतो, ना भाषण देतो. त्याने कोळशावर मासे भाजून ठेवलेत, भाकर आहे. तो म्हणतो, या, न्याहारी करा.